पेज वाडू काय?

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज बघितले तर अर्ध्याहून जास्त लोकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, की ताई सारखं खावंसं वाटतं, ही भूक खरी की नुसता चाळा? पाऊस लागला की दरवर्षी हे होतंच. बाहेर जायला नाही, लाईटचा भरवसा नाही, आणि आगोटीची बेगमी भरलेले डबे हाताच्या अंतरावर. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि याच विषयावरची पाच पत्रं घेतली. नावं नेहमीसारखी छापत नाही, कोकण लहान आहे, आडनाव आणि गाव सांगितलं की लोक वाडीपर्यंत पोचतात.

प्रश्न : ताई, मी गुहागर तालुक्यातली, वय 43. मिस्टर मुंबईला कामाला, मुलगा पुण्याला शिकतोय, घरात मी आणि सासूबाई दोघीच. दीड वाजता जेवण होतं, भांडी आवरली की तीन ते साडेपाच काहीच काम नसतं. मग मी फडताळातले डबे उघडते. आधी फणसपोळी, मग खारे शेंगदाणे, मग बिस्किट, मग परत फणसपोळी. भूक नसतेच कारण आत्ता तर जेवलेली असते. खाऊन झालं की स्वतःचाच राग येतो आणि मग रात्री मी जेवत नाही. जिभेवर ताबा नाही माझा. काय करू?

उत्तर : तुम्ही डब्यांची यादी अगदी व्यवस्थित दिलीत पण जेवणाची दिलीच नाहीत हो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बायकांचं असंच असतं, काय जास्त खाल्लं ते तोंडपाठ, काय कमी खाल्लं ते विचारलं की आठवावं लागतं. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, मग एकदम दीड वाजता तांदळाची एक भाकरी, चमचाभर भाजी, कालवण उरलं तर थोडं, मासे असले तर शेपटीकडचा तुकडा, आणि भात "वजनासाठी सोडला". तुमचं असंच असेल असं मी म्हणत नाही, पण रात्रीचं जेवण तर तुम्ही स्वतःच बंद केलंय. म्हणजे दुपारी साडेपाचला डब्यातलं शेवटचं खाल्लं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापर्यंत पोटात काही नाही, आणि वर दीडचं जेवणही बहुधा जेमतेम. मग तीन वाजता हात डब्याकडे जाणार नाही तर कुठे जाणार? याला आधी जिभेवर ताबा नाही असं नाव देऊ नका.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, त्यांच्या संमतीने. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं जेवू घालायचं ते शिकायचं होतं. तर झालं काय, की ही चांगली शिकलेली, मनाने खंबीर मुलं दिवसरात्र फक्त खाण्याबद्दल बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची, आणि प्रयोग संपल्यावर पोट फुटेस्तोवर खाऊनही आणखी हवं असायचं. त्यांची जीभ बिघडली नव्हती, शरीराला अन्न कमी पडत होतं आणि त्याने डोक्याला दुसरं काही सुचूच दिलं नाही. तुमचं तेवढं टोकाचं नाहीये, पण रात्रीचं जेवण शिक्षा म्हणून बंद केलंत की दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची तयारी तुम्हीच करून ठेवता.

आता ओळखायचं कसं. माझं आजोळ मालवणकडचं. आम्ही पोरं सुट्टीत दिवसातून दहा वेळा "आजी भूक लागली" करत मागच्या दाराशी जायचो, आणि आजी चुलीवरून मान न वळवता विचारायची, "पेज हा, वाडू काय?" हो म्हटलं तर उकड्या तांदळाची गरम पेज, वर मिठाचा खडा आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. नको म्हटलं, आणि जत्रेतून आणलेल्या खाज्याच्या पुडीकडे बघितलं, तर म्हणायची, "मगे तुका भूक नाय लागलेली, तुझी जीभ खाजवता." मी डाएटिशियन होऊन इतकी वर्षं झाली, भुकेच्या पट्ट्या नि तक्ते खूप शिकले, पण पेशंटला समजेल असं यापेक्षा काही सापडलं नाही. तुम्हाला पेज आवडत नसेल तर तुमच्या घरातलं जे सगळ्यात साधं असेल ते धरा, भाकरी-चटणी, दहीभात, कुळथाची पिठी आणि भात. ते समोर आलं तर आनंदाने खाईन असं वाटलं तर ती भूक, मग वेळ काही का असेना. ते नको, फणसपोळीच हवी, असं वाटलं तर दुसरं काहीतरी आहे.

दुसरी खूण तुमच्याच पत्रात आहे. गोड, मग खारट, मग परत गोड. एकाच चवीचा जिभेला कंटाळा येतो आणि चव बदलली की भरलेलं पोट पुन्हा जागा करतं. लग्नात पंगतीत आता घास नको म्हणणारा माणूस जिलेबी आली की दोन घेतो ना, तेच. बार्बरा रोल्स नावाच्या संशोधिकेने 1980 च्या दशकात यावर बरंच काम केलंय. भुकेला एका जागी बसून एकच पदार्थ पोटभर मिळाला की ती शांत होते. कंटाळा मात्र डब्या-डब्यांतून फिरत राहतो कारण त्याला पदार्थ नकोच असतो, झाकण उघडायचं निमित्त हवं असतं.

तर करायचं असं. आठ दिवस फक्त सकाळी नाश्ता नीट करा, घावणे, आंबोळी, उकड, पोहे काहीही, दुपारी आमटी-भात मासे भाजी पोटभर, आणि रात्री जेवा म्हणजे जेवाच. डबे आठ दिवस बंद करू नका, खायचं तर वाटीत काढून घ्या, झाकण लावा, पडवीत येऊन बसून खा. फडताळासमोर उभं राहून खाल्लेलं मोजलं जात नाही असं आपल्याला वाटतं, म्हणून आपण उभ्याने खातो. आठ दिवसांनी जे उरेल तो खरा कंटाळा, आणि तो बहुतेक तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा बराच कमी निघेल.

त्या उरलेल्या कंटाळ्यासाठी छंद जोपासा वगैरे मी सांगणार नाही, ते सगळेच सांगतात. हाताला काम लागतं हे मात्र खरं, वाल सोलणं, लसूण सोलून ठेवणं, चिंच साफ करणं, असलं काहीतरी ज्याच्यात बोटं चिकट किंवा ओली राहतात आणि डब्यात घालता येत नाहीत (काजूगर सोलायला घेऊ नका, ते काम माझ्या तरी पोटातच संपतं). आणि एक विचारू का? तीन ते साडेपाच सासूबाई काय करत असतात ते तुम्ही लिहिलंच नाहीत. त्यांनाही लाईट नसतेच ना.

फक्त एक. कधी असं होत असेल की थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातं, मध्ये थांबताच येत नाही, लपून खाल्लं जातं, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन-तीन महिने चालू आहे, तर तो चाळा नसून त्याला वैद्यकीय नाव आहे आणि उपचारही आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, लाजू नका.

प्रश्न : मी हर्णैकडचा, बोटीवर तांडेल आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी. बोट वर ओढलेली, दिवसभर जाळी दुरुस्त करत बसायचं. या दोन महिन्यांत दरवर्षी माझं 4-5 किलो वजन वाढतं. बोटीवर दोन टाईम जेवतो, मधे चहा, बस. घरी दिवसभर तोंड चालू. बायको म्हणते काम नाही म्हणून खातोस, मला तर खरंच भूक लागते. रात्री पण झोप येत नाही, बँकेचा हप्ता असतो डोक्यात, मग उठून काहीतरी खातो. कोण बरोबर?

उत्तर : दादा, दिवसाच्या बाबतीत दोघंही बरोबर. तुमची भूक खरी आहे पण ती जुन्या हिशोबाने लागतेय. तिला अजून कळलेलंच नाही की बोट वर ओढलीये.

काम कमी झालं की भूकही तेवढीच कमी होईल असं आपण धरून चालतो, तसं होत नाही. यावर एक जुना अभ्यास आपल्याच देशातला आहे, 1956 सालचा, बंगालमधल्या ताग गिरणीतल्या कामगारांवरचा, जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. ओझी उचलणारे कामगार भरपूर खात होते आणि सडपातळ होते, त्यात नवल नाही. पण दिवसभर बसून काम करणारे लोकही जवळजवळ तेवढंच खात होते आणि वजनाने जास्त भरत होते. बैठ्या माणसाची भूक त्याच्या कामाचा हिशोब ठेवत नाही.

आणि भूक घड्याळही शिकते. जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं, 1999 साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी शोधलेलं, ते आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेआधी वाढतं आणि नाही खाल्लं तरी थोड्या वेळाने आपोआप खाली येतं. लाटेसारखंच, तुम्हाला काय सांगायचं. म्हणून घरी बंदीचे पहिले आठ-पंधरा दिवस जर रोज अकरा वाजता भजी आणि चार वाजता बटर-चहा झाला, तर पुढे अकराला आणि चारला पोट स्वतःहून मागणार, आणि ती भूक तुम्हाला खरीच वाटणार कारण पोटाने ती खरीच शिकलेली असते. उलटही होतं. बोटीवरच्या दोन जेवणांच्या वेळा घरी तशाच ठेवा, मधे एकदा ठरवून चहा आणि त्याच्याबरोबर उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे, आणि भाताचा डोंगर थोडा कमी करून कालवण वाढवा. बांगडा नाही तर सुकट, सोडे, जवळा घरात असेलच, प्रोटीन असलं की भूक जास्त वेळ धरते. सुक्या मासळीत मीठ खूप, बीपी असेल तर धुवून भिजवून घ्या. आणि सकाळ-संध्याकाळ चाला हो, पाऊस काय तुम्हाला नवा आहे का.

रात्रीचं मात्र वहिनी बरोबर. ते खाणं हप्त्याचं आहे. काळजी लागली की कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं, झोप उडते, आणि गोड-तळलेलं खाल्लं की दहा मिनिटं बरं वाटतं, हे काही तुमच्या एकट्याचं नाही. दहा मिनिटांनी हप्ता तिथेच असतो. त्याला उत्तर पोळीच्या डब्यात नाही, बँकेत आहे, बंदीच्या दोन महिन्यांत हप्त्याला काही सवलत, मुदत मिळते का ते जाऊन तोंडाने विचारा, मनातल्या मनात रात्री दोनला विचारू नका. आणि वहिनींना आकडा सांगून टाका, पत्रावरून वाटतं की त्यांना तो माहीत नाही.

प्रश्न : मॅडम मी रत्नागिरीत रूम घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतो. मेसचं जेवण साडेसातला. रात्री दीड-दोनला पोटात गुडगुड होते आणि मॅगी केल्याशिवाय राहवत नाही, कधी दोन पाकिटं. मित्र म्हणतो ही बोअरडमची भूक आहे, पाणी पिऊन झोप. सकाळी सहाला परत उठायचं असतं.

उत्तर : साडेसात ते दोन म्हणजे साडेसहा तास झाले रे, तुझ्या मित्राला साडेसहा तास उपाशी बसवून राज्यघटना वाचायला लाव आणि मग विचार. ही भूकच आहे. गुडगुडीवर मात्र जाऊ नकोस, पोट रिकामं असलं की साधारण दर दीड-दोन तासांनी जठर आणि आतडी जोरात आकुंचन पावत उरलंसुरलं पुढे ढकलतात, केर काढल्यासारखं, त्याचा आवाज असतो. भूक नसतानाही येतो.

तुझा खरा प्रॉब्लेम झोप आहे. 2004 साली शिकागो विद्यापीठात 12 तरुणांना दोन रात्री फक्त 4 तास झोपू दिलं आणि मग 10 तास झोपलेल्या रात्रींशी तुलना केली, तर कमी झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन 28 टक्के जास्त आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन 18 टक्के कमी निघालं. आणि त्यांना हवं काय होतं, तर गोड, खारट, पिठूळ. म्हणजे तुझी मॅगीच. दहा वाजता दूध-केळं किंवा मेसमधून आणून ठेवलेली चपाती आणि अंडं खा, साडेअकराला झोप. जो धडा तू दोनला वाचतोस तो सकाळी तुला आठवतो का, खरं सांग.

प्रश्न : नमस्कार. मी कुडाळजवळचा, निवृत्त शिक्षक, वय 71. गेल्या कार्तिकात पत्नी गेली. दुपारी चार वाजता आम्ही दोघं चहा घ्यायचो. आता चार वाजले की मी शेवेचं पाकीट उघडतो आणि ते संपेपर्यंत हात थांबत नाही. चव कळत नाही. दुपारचं जेवण एकट्यासाठी करायचा कंटाळा येतो, पेज-लोणचं खातो. ही भूक आहे का?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. चार वाजताची ती भूक नाही. तुम्हालाही माहीत आहे, चव कळत नाही असं तुम्हीच लिहिलंय. हात तेवढा वेळ कशात तरी गुंतलेला हवा असतो, पूर्वी कपबशी असायची, समोर माणूस असायचं. शेव सोडा असं मी सांगणार नाही. शेवेने तुमचं जेवढं नुकसान होतंय त्यापेक्षा चार वाजता मोकळ्या खुर्चीसमोर नुसतं बसून राहिल्याने जास्त होईल. पण चहा एकट्याने घेऊ नका. शेजारचा कोणी, जुना विद्यार्थी, नाक्यावरचं चहाचं दुकान, कुठेही, पण चार वाजता घरात नको, निदान आठवड्यातून तीन-चार दिवस. आणि घरी असलात तर शेव बशीत घ्या आणि दुसरा कप मांडायचा असेल तर खुशाल मांडा, कोण बघायला येतंय.

मला काळजी दुपारच्या जेवणाची जास्त वाटते. वर मी पेजेचं इतकं कौतुक केलं खरं, पण ती भूक ओळखायला आहे, रोजचं तेवढ्यावरच भागवायला नाही. या वयात डाळ, अंडं, मासे, दही कमी पडलं की स्नायू झपाट्याने जातात, पाय लटपटायला लागतात. घरगुती डबा लावा, किंवा शेजारी कोणाला पैसे देऊन दुपारचं ताट ठरवून घ्या, यात कमीपणा काही नाही. कपडे ढिले व्हायला लागले असतील तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. आणि झोप येत नसेल, सकाळी उठायचंच नको वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, 14416, फोन फुकट, मराठीत बोलतात. तुम्ही पुढच्या महिन्यात मला परत लिहा. पत्र छापणार नाही, वाचायला हवंय.

प्रश्न : मी देवगडची, 58 वर्षं, शुगरची गोळी चालू आहे. काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास एकदम भूक लागते, हात थरथरतात, घाम येतो. मुलीने रीलमध्ये बघितलं की भूक अचानक आली तर ती खोटी, ग्लासभर पाणी पिऊन वीस मिनिटं थांबायचं. थांबते पण फार घाबरायला होतं.

उत्तर : थांबायचं नाही! हे पत्र मी सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं, तुम्हाला फोनवर कळवलंय पण बाकीच्यांसाठी छापतेय. शुगरच्या काही गोळ्यांनी किंवा इन्शुलिनने साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि थरथर, घाम, धडधड, घाबरं होणं, अचानक भूक ही त्याची लक्षणं आहेत. घरात मशीन असेल तर लगेच बघा, 70 च्या खाली म्हणजे कमी. मशीन नसेल तर शोधत बसू नका, चहाचे 3 चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, 15 मिनिटांनी परत बघा, बरं वाटलं नसेल तर परत तेवढीच, आणि बरं वाटलं की काहीतरी खाऊन घ्या. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका पण याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, किती वाजता गोळी, किती वाजता नाश्ता, किती वेळा असं झालं ते कागदावर लिहून न्या. गोळी घेऊन नाश्ता लांबवत असाल तर बहुतेक तिथेच सापडेल.

उलटी बाजू पण आहे. भूक खूप, तहान खूप, लघवीला सारखं जावं लागतं आणि खाऊनही वजन उतरतंय, तर शुगर वाढलेली असू शकते, आणि भूक वाढून वजन उतरत असेल, सोबत छातीत धडधड, तर थायरॉईड तपासायचं. दम्याला किंवा सांध्यांना स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील, मनाच्या आजाराची काही औषधं असतील, त्यांनीही भूक वाढते, तिथे स्वतःला हावरट म्हणून उपयोग नाही आणि गोळी परस्पर बंद करूनही नाही.

मुलीला रागावू नका, तिने काळजीनेच सांगितलं. हे उत्तर तिला वाचून दाखवा आणि साखरेची एक पुडी तुमच्या पर्समध्ये, एक उशाशी, एक बागेत जाताना कमरेच्या पिशवीत, अशा तीन पुड्या तिलाच बांधून ठेवायला सांगा.